राईडमध्ये न बसणाऱ्यांचं काय? मनोरंजन उद्यानांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मनोरंजन उद्यानांची आणि वॉटर पार्कची व्यवस्थापनं,
तसेच राज्याचा पर्यटन विभाग आणि दिव्यांग कल्याण विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एका पार्ककडून मला ईमेल आला. आम्ही घरातली बावीस माणसं दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस येऊ इच्छितो, त्यांतली सहा मोठी माणसं कुठल्याच राईडमध्ये बसू शकणार नाहीत, त्यांच्यासाठी काय सोय आहे, असं मी विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं होतं. राईड न करणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट नाही. आणि गटाची सवलत शाळा, कॉलेज आणि कंपन्यांना मिळते, कुटुंब गटात धरलं जात नाही.

त्या पार्कचं नाव मी इथे लिहीत नाही. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा इतर ठिकाणीही मी चौकशी केली. बोलण्याची पद्धत कुठे गोड होती, कुठे घाईची होती, पण मुद्दा तोच होता. एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं सोडावं असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी या घरातली थोरली सून. आमचं मूळ घर कसब्यातलं. आता आम्ही धायरीत राहतो, मधले दीर चिंचवडला, धाकटे हडपसरला, नणंद नाशिकला. सासरे, म्हणजे आबा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. यंदा त्यांना एक्याऐंशीवं लागलं आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. शांत, होम, कार्यालय, पाच-पन्नास पानं, असं सगळं आम्ही डोळ्यांपुढे आणलं होतं. आबा म्हणाले, "होम घरीच करा, थोडक्यात. कार्यालयात माणसं येतात, नमस्कार करतात, जेवतात आणि जातात. मला पोरांबरोबर अख्खा दिवस हवाय. ती जिथे जाऊन ओरडतात ना, तिथे मला न्या."

नातवंडांनी अर्थात तुमचं नाव घेतलं.

बावीस जणांत आबा आहेत, गुडघे गेलेल्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, आणि पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीत असलेल्या चुलत सासूबाई आहेत, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. नणंदेच्या यजमानांची बायपास झाली आहे. धाकट्या जाऊबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. भाचीला तेव्हा सहावा महिना असेल. ही ती सहा माणसं. त्याशिवाय आठ महिन्यांचं एक बाळ, दोन वर्षांची एक नात, नऊ वर्षांचा एक स्वमग्न पुतण्या, आणि उरलेली सगळी धडधाकट, उंचच उंच पाळण्यात बसायला टपलेली मंडळी. यात अपवादात्मक काही नाही. कुठल्याही घरातल्या तीन-चार पिढ्या एकत्र करा, यादी साधारण अशीच निघेल.

तुमच्या जाहिरातींत आजी-आजोबा असतातच. पांढरे केस, हसरा चेहरा, मांडीवर नातवंड. त्या आजीला तुमच्या दारात उतरल्यापासून संध्याकाळी परत गाडीत बसेपर्यंत काय काय लागेल, याचा विचार तिकिटाच्या पानावर मात्र मला सापडला नाही. पुण्यातलं कुठलंही बरं मंगल कार्यालय घ्या. बुकिंगला गेलं की तिथले व्यवस्थापक आपणहून विचारतात: वयस्क किती, टेबलावर जेवणारे किती, मधुमेहवाल्यांना वेगळं काढायचं का, बाळंतीण आहे का, खोली तळमजल्यावर देऊ का. कोट्यवधींची यंत्रं उभारणाऱ्या तुमच्यासारख्यांनी हे प्रश्न विचारावेत, एवढीच अपेक्षा धरून मी चौकशी सुरू केली होती. आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार तिकिटाची. सहा माणसं दिवसभर सावलीत बसणार, पाणी पिणार, जेवणार, नातवंडांचे फोटो काढणार. त्यांच्याकडून तुम्ही रोलर कोस्टरसकट सगळ्या राईड्सचे पैसे घेता. काही पार्कमध्ये ज्येष्ठांना सवलत आहे, हे मान्य. पण ती कुठे एका वयापासून, कुठे दुसऱ्या, कुठे फक्त आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. शाळा-कॉलेजची मुलं आणि नोकरी करणारी माणसं बरोबर असताना कामाच्या दिवसाच्या सवलतीचा आम्हाला उपयोग नाही. शिवाय सहावा महिना असलेल्या भाचीला आणि मणक्याचं ऑपरेशन झालेल्या जावेला वयाची सवलत लागू होत नाही. तुमच्याच सूचनाफलकांवर गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, पाठीचे-मानेचे रुग्ण यांनी बसू नये असं ठळक लिहिलेलं असतं. ज्यांना तुम्ही स्वतः बसू देणार नाही, त्यांच्याकडून बसण्याचे पैसे कोणत्या हिशोबानं घेता?

फुकट प्रवेश द्या असं मी म्हणत नाही. आत आलेलं प्रत्येक माणूस पाणी वापरतं, स्वच्छतागृह वापरतं, त्याच्यासाठी झाडणारी-पुसणारी माणसं लागतात, ते मला कळतं. प्रवेशाचे पैसे घ्या, राईडचे घेऊ नका. हे अशक्य नाही, कारण जगात ते होत आलं आहे. कोपनहेगनचं तिवोली उद्यान १८४३ पासून चालू आहे आणि तिथे आजही प्रवेशाचं तिकीट वेगळं, राईड्सचं वेगळं. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्येसुद्धा उद्यान उघडलं त्या १९५५ सालापासून १९८२ पर्यंत राईड्सच्या तिकिटांची वेगळी पुस्तिका मिळत असे. आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्या गावच्या जत्रेत पाळण्याचे पैसे पाळण्यात बसणारा देतो. कडेला पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या आजीकडे पाळणेवाला कधी हात पसरत नाही.

इथे आबांविषयी थोडं सांगायला हवं. पुण्यातल्या पेशवे पार्कातली फुलराणी, ही मुलांची छोटी झुकझुकगाडी, १९५६ साली सुरू झाली. माझे यजमान आणि दीर लहान असताना आबा त्यांना दर रविवारी सायकलवरून तिथे न्यायचे. मुलं गाडीत, आबा बाकावर. गाडी वळणावरून आली की मुलं हात करायची, आबा टोपी काढून हलवायचे. हे घरात इतक्या वेळा सांगून झालंय की माझ्या मुलांनाही पाठ आहे. वॉल्ट डिस्नेंना उद्यानाची कल्पना सुचली तीही अशीच म्हणतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात त्यांच्या मुली घोड्यांच्या चक्रात बसायच्या आणि ते बाकावर बसून राहायचे. मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा असायला हवी, असं त्यांना तिथे वाटलं. तुमचा सगळा धंदा त्या बाकावरच्या बापाच्या मनातून निघालेला आहे. मग बाकच का कमी केलेत?

दुसरी तक्रार जेवणाची, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर.

बाहेरचं खाणं आत आणू नये हा नियम तुम्ही सगळे लावता. तो लावण्याचा तुमचा अधिकार मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ ला चित्रपटगृहांच्या बाबतीत असाच निकाल दिला: बाहेरचं खाणं नाकारता येईल. पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांनी आणलेलं खाणं अडवू नये, हेही तिथे नोंदवलेलं आहे. अडीच-तीन तासांच्या सिनेमाला जर ही सवड आहे, तर सकाळी दहा ते संध्याकाळी सातपर्यंत माणूस आत ठेवणाऱ्या तुम्हाला ती जास्त लागू व्हायला हवी.

आबांना इन्सुलिन आहे. जेवणाआधी साधारण पंधरा मिनिटं ते टोचून घेतात आणि मग ताट समोर लागतं. ताट आलंच नाही तर? रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. गर्दीत, उन्हात, आजूबाजूच्यांना वाटतं ऊन लागलं. ते पाणी पाजतात. तेव्हा लागते साखर. तुमच्या पॅकेजमध्ये जेवण ठरावीक वेळेत असतं आणि सुट्टीच्या दिवशी त्या वेळेत काउंटरवर मोठी रांग असते. रांगेत उभं राहायच्या आधी टोचायचं की ताट हातात आल्यावर? हा प्रश्न मी फोनवर विचारला तर पलीकडचा मुलगा गप्प झाला. त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून आम्ही आबांचा डबा बरोबर घेऊ असं म्हटलं. दोन ज्वारीच्या भाकरी, पालेभाजी, वाटीभर दही. "चालणार नाही मॅडम, आत सगळं मिळतं." आत काय मिळतं ते मी पाहून आले आहे. पाव, मैदा, गोड सरबतं, तळलेले पदार्थ, आणि बुफेत पांढरा भात नि पनीर. मधुमेही माणसाला दिवसभर पुरेल असं त्यात फारसं नाही. एका ठिकाणी सांगितलं की डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, मग बघू. बघू म्हणजे काय? बावीस माणसं पहाटे उठून ट्रॅव्हलरमधून येणार आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे ठरवणार का, की आबांची भाकरी आत जाईल की डिकीत?

आणि इन्सुलिनचं. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण साधारण तीस अंशांच्या वर जाऊन चालत नाही. उन्हात उभ्या गाडीत आणि पत्र्याच्या लॉकरमध्ये किती तापतं हे तुम्हाला माहीत आहे. प्रथमोपचार कक्षात एक छोटा फ्रिज असतो का, एवढं मी विचारलं. कुणालाही सांगता आलं नाही.

तिसरी तक्रार बोलायला अवघड आहे, तरी बोलते, कारण न बोलल्यामुळेच ती वर्षानुवर्षं तशीच राहिली आहे.

मी आणि नणंद एका पार्कमध्ये नुसती पाहणी करायला गेलो, दोन पूर्ण तिकिटं काढून. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर जेवायला गेलेला. तो आल्यावर दार उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन. त्यानं तत्परतेनं सगळं बाहेर काढलं, दिलगिरीही व्यक्त केली. पण माई दिवसा अनेकदा इतका वेळ थांबू शकत नाहीत.

माईंना डायपर लागतं. ते बदलायला त्यांना आडवं करावं लागतं. लहान बाळांसाठी भिंतीला फळी असते, मोठ्या माणसासाठी काहीच नसतं. आणि माईंना उचलायला माझे यजमान लागतात, आम्हा बायकांना ते वजन पेलत नाही. ते बायकांच्या स्वच्छतागृहात येऊ शकत नाहीत, माईंना पुरुषांच्या बाजूला नेता येत नाही. म्हणजे एक स्वतंत्र खोली हवी, जिथे सोबतचं माणूस, मग तो मुलगा असो की पुतण्या, आत जाऊ शकेल. एक पलंग, कमोडशेजारी पकडायला दांडी, पाणी, कडी. त्या खोलीचा खर्च तुमच्या एखाद्या राईडच्या रंगरंगोटीपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही. ती खोली नसेल तर माईंना पहाटे घरून निघाल्यापासून रात्रीपर्यंत ओल्यात बसवायचं, नाहीतर घरी ठेवायचं. आम्ही माईंना घरी ठेवणार नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "ती नाही तर मीही नाही."

बाळाच्या आईला पाजायला आडोसाही हवा. आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असावा असं राज्याचं धोरण आहे. तुमच्याकडे तो कुठे आहे, हे नकाशावर दाखवलेलं मला दिसलं नाही.

यातलं पुष्कळसं कायद्यानं आलेलं आहे, ते कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, त्यांनी सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी असं म्हटलं आहे. कलम २९ तर मनोरंजन आणि सांस्कृतिक जीवनाविषयीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असं केंद्र सरकारला बजावलं. त्यामुळे "सर, वरून काही सूचना नाहीत" हे उत्तर आता पुरेसं नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, म्हणून सासूबाई तिथे वाघापर्यंत पोचू शकल्या. महापालिकेला जे जमतं ते तुम्हाला जमायला हरकत नाही.

चौथी तक्रार रांगेची. नऊ वर्षांचा आमचा ओम (हे त्याचं घरातलं नाव) स्वमग्न आहे. त्याला वेग आवडतो, झोका तासन्‌तास आवडतो. त्याला सहन होत नाही ती गर्दी, कर्णा आणि अनिश्चितता. पाऊण तास लोखंडी कठड्यांमध्ये उभं राहणं त्याला शक्य नाही. स्वमग्नता ही २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांपैकी एक आहे, त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे. त्याला पुढे सोडा असंही आम्ही म्हणत नाही. नाव लिहून घ्या, वेळ सांगा, तेवढा वेळ तो झाडाखाली बसेल आणि मग येईल. फोनवर मला महागडा फास्ट पास घ्यायला सांगितलं गेलं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला रांग टाळता येते आणि ज्याला रांगेत उभं राहताच येत नाही त्यालाही तोच मार्ग, त्याच भावात.

याच तक्रारीत दुसरी गोष्ट. दोन वर्षांची नात मोठ्या राईडला चालणार नाही. तिचे आई-बाबा दोघं एकदम जाऊ शकत नाहीत. एकानं रांग लावायची, बसून यायचं, मग दुसऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून रांग लावायची. डिस्नेच्या पार्कमध्ये यासाठी रायडर स्विच नावाची पद्धत आहे: एक जण बसून आला की मुलाला सांभाळणारा दुसरा, पुन्हा रांग न लावता बसतो. याला यंत्र लागत नाही, जागा लागत नाही, एक छापील चिठ्ठी लागते. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट इथे का रुजली नाही, मला खरंच समजत नाही.

पाचवी: माहिती. कोणत्या राईडला किती उंची लागते, हे फाटकाच्या आत गेल्यावर कळावं, याला काय अर्थ आहे? पुतणीची उंची घरी दाराच्या चौकटीला लावून मोजता येते. यादी आधी मिळाली तर पोर रांगेच्या टोकाला जाऊन रडत परत येणार नाही. सावलीतली बाकं, व्हीलचेअरचा उतार, कमोड असलेली स्वच्छतागृहं, प्रथमोपचार कक्ष, हे सगळं नकाशावर टाका. व्हीलचेअर किती आहेत आणि आधी राखून ठेवता येतात का, ते लिहा. किमतीचंही तसंच. ऑनलाइन तिकीट काढताना पहिल्या पानावर एक रक्कम, शेवटच्या पानावर कर, सोयीचा आकार आणि न मागितलेलं जेवणाचं कूपन धरून दुसरीच. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. टप्प्याटप्प्यानं किंमत उघड करणं आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, दोन्ही त्यात आहे. बावीस तिकिटांवर हा फरक लहान राहत नाही. आमच्या घरात सगळे आपापला वाटा आधी पाठवतात. मी एक आकडा सांगून नंतर दुसरा मागायचा, हे मला कमीपणाचं वाटतं.

सहावी एका ओळीत: सुरक्षेच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि रांगेच्या सुरुवातीला लावा.

आता मागण्या.

प्रवेशापुरतं वेगळं तिकीट सुरू करा. ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, ज्यांना वैद्यकीय कारणानं बसता येत नाही ते, आणि दिव्यांग व्यक्तीचा एक सोबती, यांना ते कुठल्याही दिवशी मिळावं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. त्यांच्यापैकी कुणाला आत गेल्यावर टॉय ट्रेनमध्ये बसावंसं वाटलं तर तिथल्या तिथे त्या एका राईडचे पैसे घ्या. आबांना बसावंसं वाटेल, मी आत्ताच सांगते.

पंधरा माणसांच्या वरचं कुटुंब गट म्हणून धरा. कंपनीच्या पंधरा माणसांना जी सवलत, तीच द्या. आजारपण आलं तर एकदा तारीख बदलू द्या. ऐंशीच्या पुढचं माणूस आणि आठ महिन्यांचं बाळ ज्या गटात आहे, त्यांची तब्येत महिनाभर आधी कुणालाच सांगता येणार नाही.

मधुमेही, पथ्य असलेले रुग्ण आणि बाळं यांचा डबा आत येऊ द्या. हे संकेतस्थळावर लिहा, म्हणजे फाटकावर वाद होणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाच्या रांगेत थांबवू नका. प्रथमोपचार कक्षात औषधांसाठी फ्रिज ठेवा.

सोबत्याला आत जाता येईल अशी, मोठ्या माणसाला आडवं करता येईल अशी निदान एक खोली बांधा. जी दिव्यांग स्वच्छतागृहं आहेत त्यांचं कुलूप काढा. हिरकणी कक्ष करा.

रांगेत उभं राहू न शकणाऱ्यांना वेळ देऊन बोलवा, जादा पैसे न घेता. लहान मुलांच्या आई-वडिलांना आळीपाळीनं बसू द्या.

पर्यटन विभागाला आणि दिव्यांग कल्याण विभागाला माझी मागणी वेगळी आहे. प्रत्येक मनोरंजन उद्यानाची सुगम्यतेच्या दृष्टीनं तपासणी करा आणि अहवाल लोकांसाठी प्रसिद्ध करा. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. त्यांचे अधिकारी तपासणीला जातील तेव्हा व्हीलचेअरवरची एक व्यक्ती आणि तिचा सोबती यांना बरोबर घेऊन जावं. आमच्या घरातून कुणी हवं असेल तर मी रजा टाकून येईन, माईही येतील. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, तो देणाऱ्या राज्यात या माणसांच्या विरंगुळ्याचाही विचार व्हावा, ही अपेक्षा जास्त नाही. आणि या उद्योगाच्या आयएएपीआय या राष्ट्रीय संघटनेनं आपल्या सभासदांसाठी यातला किमान तिकिटाचा आणि डब्याचा नियम एकसारखा करावा.

मला घरातून दोन-तीनदा सुचवून झालंय की आपण दोन गट करू. तरुण मंडळी पार्कला जाऊ देत, मोठ्यांना आपण देवदर्शनाला नेऊ. सल्ला चांगल्या मनानं दिलेला आहे, सोयीचाही आहे. पण आबांनी जे मागितलं ते हे नव्हे. एरवीही आम्ही वेगवेगळेच असतो, चार घरांत, चार वेळापत्रकांत. मुलांची पहिली नोकरी परगावी लागते, मग परदेशी. ज्या दिवशी बावीसच्या बावीस एका जागी असतील असे दिवस आता हातात फार उरलेले नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. म्हणून मी त्या एका दिवसासाठी एवढी धडपड करते आहे, आणि म्हणून तुमच्या दोन ओळींच्या उत्तरावर गप्प बसले नाही.

आम्ही तारीख अजून नक्की केलेली नाही, गाडीवाल्याला शब्द दिलेला नाही. वरच्या मागण्यांपैकी यंदाच्या दिवाळीआधी होण्यासारख्या चार आहेत: प्रवेशाचं तिकीट, डबा, फ्रिज, आणि कुलूप काढलेलं स्वच्छतागृह. तुमच्यापैकी जे पार्क या चार गोष्टी लेखी कळवेल, त्याच्याकडे आम्ही बावीस जण येऊ. आणि आमच्यासारखं गणित मांडत बसलेल्या इतर घरांनाही सांगू, की तिकडे जा, तिथे विचारलं तर उत्तर मिळतं.

आपली,
धायरीतल्या एका बावीस जणांच्या घरातली थोरली सून
पुणे